खोपट हलले, प्रश्न तिथेच : गुलामांच्या घराचा नवा उपयोग कोणी ठरवायचा?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे आणि संस्कृतीचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीखालच्या दालनांत एक लाकडी खोपट उभे आहे. सुमारे १६ फूट बाय २० फूट. फळ्यांच्या भिंती, एक चूल, लहानशा खिडक्या. ते मूळचे साउथ कॅरोलायना राज्यातल्या एडिस्टो बेटावरच्या 'पॉइंट ऑफ पाइन्स' नावाच्या कापसाच्या मळ्यावरचे. १८५३ च्या सुमारास ते बांधले गेले. त्यात मळ्याच्या मालकाची 'मालमत्ता' राहत होती. ती मालमत्ता म्हणजे माणसे.

२०१३ साली हे खोपट फळीफळीने उतरवले गेले. प्रत्येक तुकड्याची नोंद झाली आणि वॉशिंग्टनला नेऊन ते पुन्हा जोडले गेले. २४ सप्टेंबर २०१६ रोजी संग्रहालय खुले झाले तेव्हा देशाच्या अध्यक्षपदी बराक ओबामा होते. एवढे वाचून आपला एखादा कार्यकर्ता म्हणेल, 'छान झाले, एका जुन्या घराचा चांगला उपयोग झाला.' झालाच. पण इतिहास एवढ्यावर संपत नाही. या खोपटांना नवा उपयोग देण्याचा उद्योग दीडशे वर्षे चालू आहे. तो वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या हेतूंनी केला. कोणी त्यातून स्वातंत्र्य उभे केले, कोणी खोटे उभे केले, तर कोणी पर्यटकांसाठी मऊ बिछाने घातले. म्हणून घर टिकले की पडले एवढेच पाहून चालणार नाही. नवा उपयोग कोणी ठरवला, हे तपासावे लागेल.

रांग मोडणारी माणसे

गुलामांची घरे मळ्यावर कुठेही नसत. ती एका रांगेत, एकमेकांना चिकटून, मालकाच्या वाड्यावरून किंवा मुकादमाच्या घरावरून नजरेत राहतील अशी असत. या वस्तीला 'क्वार्टर्स' म्हणत. दिवा कधी विझला, कोण कोणाकडे गेले, पहाटे कोण उशिरा उठले, हे सगळे मुकादमाला दिसावे अशी ती मांडणी. घर राहण्यासाठी होतेच, पण त्याआधी ते पहाऱ्यासाठी होते.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. तेव्हा मुक्त झालेल्या माणसांनी काय केले? त्यांनी घराचा पत्ता बदलला. जॉर्जिया राज्यातल्या ओगलथॉर्प परगण्यात बॅरो नावाच्या घराण्याचा सुमारे २,००० एकरांचा मळा होता. त्या घराण्यातल्याच एकाने १८८१ साली 'स्क्रिब्नर्स मंथली' या मासिकात लेख लिहिला आणि त्यासोबत दोन नकाशे छापले. पहिला १८६० चा, दुसरा १८८१ चा. जमीन तीच, ओढे तेच. पहिल्या नकाशात सगळी खोपटी एका ठिकाणी, वाड्याच्या आसपास गोळा झालेली. दुसऱ्या नकाशात ती मळाभर विखुरलेली, प्रत्येक कुटुंबाचे घर तो कसत असलेल्या जमिनीच्या तुकड्यावर. आणि दोन नव्या खुणा : एक चर्च, एक शाळा.

हे विखुरणे आपोआप झाले नाही. खोपटी लाकडाची होती, बहुतेक विटांच्या किंवा दगडांच्या खुंटांवर टेकलेली, पाया खोल नव्हता. दक्षिणेत अनेक ठिकाणी लोकांनी ती मोडून नव्या जागी उभी केली, तर काही ठिकाणी सबंध घर ओंडक्यांवरून खेचून नेले. मालकाने हलके, स्वस्त घर बांधले ते स्वतःचा खर्च वाचवण्यासाठी. तेच हलकेपण गुलामांच्या कामी आले. ज्या घराला पाया दिला नव्हता, ते घर उचलून नेता आले.

मित्रहो, या कृतीकडे नीट पाहा. ज्या माणसाकडे जमीन नाही, पैसा नाही, शस्त्र नाही, तो मुक्त झाल्याबरोबर आपले घर रांगेतून काढतो आणि मुकादमाच्या नजरेबाहेर नेतो. त्याच फळ्या, तेच छप्पर, तीच चूल. पण आता रात्री दिवा किती वेळ जाळायचा हे घरातले ठरवणार. जुन्या खोपटाचा पहिला नवा उपयोग हा होता. तो कोणत्याही तज्ज्ञाने सुचवला नव्हता. आणि आजच्या सगळ्या वारसा-जतनाच्या चर्चेत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी होतो.

एडिस्टो बेटावर काय घडले

आता पुन्हा एडिस्टोकडे जाऊ, कारण संग्रहालयातल्या खोपटाची खरी गोष्ट तिथल्या जमिनीत आहे.

नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी जिंकली. आसपासच्या बेटांवरचे मळेवाले पळाले आणि गुलाम मागे राहिले. कायद्याने मुक्ती मिळण्याआधीच या बेटांवरच्या माणसांनी स्वतःला मुक्त मानून जगायला सुरुवात केली. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले की, तुमच्या लोकांना काय हवे? त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. त्यांच्या उत्तराचा आशय असा : आम्हांला जमीन हवी, ती आम्ही आमच्या श्रमाने कसू आणि स्वतःच्या पायावर उभे राहू. गोऱ्यांमध्ये मिसळून राहाल की वेगळे, असे विचारल्यावर ते म्हणाले की आम्ही वेगळे राहणे पसंत करू, कारण दक्षिणेत आमच्याविषयीचा पूर्वग्रह जायला पुष्कळ वर्षे लागतील.

चार दिवसांनी, १६ जानेवारीला, शर्मनचा हुकूम निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडची बेटे आणि किनारपट्टी मुक्त झालेल्यांसाठी राखून ठेवली गेली. दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. काही महिन्यांत सुमारे ४०,००० माणसे सुमारे ४ लाख एकर जमिनीवर वसली. एडिस्टो त्याच पट्ट्यात होते. तिथल्या माणसांनी पेरणी केली, घरे सावरली.

मग एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी द्यायला आणि जमिनी परत करायला सुरुवात केली. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड स्वतः एडिस्टोला आले. हा माणूस वाईट नव्हता. युद्धात त्याने उजवा हात गमावला होता आणि कृष्णवर्णीयांविषयी त्याला आस्था होती. पण त्याच्या खिशात वरून आलेला निर्णय होता. बेटावरच्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांना त्याला सांगावे लागले की जमीन जुन्या मालकांना परत जाणार, तुम्ही त्यांच्याशी मजुरीचे करार करा. सभेत एकच गदारोळ झाला.

लोकांनी तिघांची समिती नेमली : हेन्री ब्रॅम, इश्मायल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन. या तिघांनी हॉवर्डला आणि अध्यक्षांना अर्ज लिहिले. शिकायला बंदी असलेल्या समाजातून आलेले हे अर्ज आजही मुळातून वाचावेत असे आहेत. त्यांचे म्हणणे सरळ होते. आम्ही सरकारशी एकनिष्ठ राहिलो, हे मळेवाले सरकारवर उठले. आता उठणाऱ्याला जमीन परत आणि निष्ठावंताला हाकलून द्यायचे, हा कसला न्याय? ज्याने आम्हांला झाडाला बांधून फटके मारले त्याला क्षमा करा म्हणता. पण तोच आमच्याकडून जमिनीचा तुकडाही काढून घेतो, तेव्हा क्षमा कशी करायची? जमीन नसेल तर आम्ही पुन्हा त्याच मालकाच्या दयेवर येऊ.

अर्ज फेटाळले गेले. जमिनी गेल्या. मुक्त माणूस पुन्हा करारावर, वाट्यावर, उधारीवर त्याच शेतात उभा राहिला. आणि खोपट? तेही तिथेच राहिले. पॉइंट ऑफ पाइन्सवरच्या त्या खोपटात गुलामगिरी गेल्यानंतरही अनेक दशके, थेट विसाव्या शतकापर्यंत, कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. तिथे लहानपण काढलेली एक वृद्ध स्त्री पुढे संग्रहालयात आपले घर पाहायला गेली. तिच्यासाठी ते फक्त घर होते. जगाने त्याला गुलामांचे घर म्हटले.

म्हणून लक्षात ठेवा : एडिस्टोच्या लोकांकडे घर होते, जमीन नव्हती. घराला 'ऐतिहासिक' म्हणणारे भेटायला त्यांना दीडशे वर्षे लागली. जमिनीवर हक्क मान्य करणारे अजून भेटायचे आहेत.

खोट्या खोपटाचे देऊळ

गोऱ्या अमेरिकेने मात्र खोपटांचा उपयोग फार लवकर शोधला.

केंटकी राज्यात हॉजनव्हिलजवळ १८०९ साली अब्राहम लिंकनचा जन्म झाला. १८९० च्या दशकात एका धंदेवाईक माणसाने ती जागा विकत घेतली, आसपासच्या एका जुन्या घराचे ओंडके घेतले आणि 'हेच लिंकनचे जन्मघर' म्हणून गावोगाव प्रदर्शनाला फिरवले. १८९७ साली नॅशव्हिलच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. त्यासोबत गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचेही 'जन्मघर' होते. मुक्तिदाता आणि गुलामगिरीचा राखणदार, दोघांची घरे एका तिकिटात! पुढे या दोन्ही घरांचे ओंडके एकमेकांत मिसळले.

१९०९ साली, लिंकनच्या जन्मशताब्दीला, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते हॉजनव्हिलला स्मारकाची कोनशिला बसली. १९११ मध्ये ग्रॅनाइट आणि संगमरवराचे देऊळ उभे राहिले. लिंकनच्या आयुष्याच्या ५६ वर्षांसाठी ५६ पायऱ्या. आत ते खोपट ठेवले, आणि लोकांना भोवती फिरता यावे म्हणून ते कापून लहान केले. २००४ साली लाकडातल्या वार्षिक वलयांची तपासणी झाली तेव्हा कळले की हे ओंडके १८४० च्या दशकातले आहेत. लिंकन जन्मला तेव्हा ती झाडे उभीच होती. आता त्याला 'प्रतीकात्मक' खोपट म्हणतात.

यात लिंकनचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. मुक्ती देणाऱ्याच्या खोट्या घराला १९११ सालीच संगमरवरी छत मिळाले. मुक्ती मिळवणाऱ्यांच्या खऱ्या घराला छत मिळायला २०१६ उजाडले. मध्ये १०५ वर्षे गेली. त्यागाचा इतिहास उद्धारकाच्या नावावर जमा करायचा आणि ज्यांनी सोसले, लढले, त्यांना त्या इतिहासात फक्त हात जोडून उभे करायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट. १९०१ साली बफेलो शहरात 'पॅन-अमेरिकन' प्रदर्शन भरले. तिथल्या करमणुकीच्या भागात 'ओल्ड प्लँटेशन' नावाचा देखावा होता. कापसाचे शेत, गुलामांची खोपटी, आणि गाणारी, नाचणारी, हसणारी कृष्णवर्णीय माणसे. गुलामगिरीतून आलेल्या एका वृद्धाला तर हसून दाखवण्यासाठीच उभे केले होते. तिकीट काढून येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाला तिथे काय शिकवले गेले? की गुलामगिरीत सगळे आनंदात होते. चाबूक गाळून खोपट दाखवले की खोपट गोजिरे दिसते.

पण याच बफेलोत दुसरी गोष्टही घडली, आणि तीच आपल्या कामाची आहे. प्रदर्शनात कृष्णवर्णीयांच्या खऱ्या प्रगतीला जागा नाही म्हणून मेरी टॅल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध केला. वि. ए. बी. द्यु बॉइस यांनी आदल्या वर्षी, १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी छायाचित्रे आणि आलेख तयार केले होते : किती शाळा, किती साक्षर, जॉर्जियात किती जमीन कृष्णवर्णीयांच्या मालकीची. या लोकांच्या मागणीमुळे ते प्रदर्शन बफेलोत आणले गेले. एकाच मैदानावर एका बाजूला नाचणारे खोपट आणि दुसऱ्या बाजूला एकरांचे हिशेब. ज्याला अपमानाला उत्तर द्यायचे आहे त्याने या दोन दालनांमधला फरक पाठ करावा.

बिछाना, न्हाणीघर आणि गुलामी

कोणाला वाटेल, ही सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आता जग सुधारले. तर २०२२ चे उदाहरण घ्या. मिसिसिपी राज्यात एका जुन्या मळ्याच्या वाड्याशेजारी एक खोपट होते. ते मूळच्या जागेवरून हलवून तिथे आणलेले. आतून नवे केलेले, उत्तम न्हाणीघर, मऊ बिछाना. एअरबीएनबीवर त्याची जाहिरात होती आणि त्यात अभिमानाने लिहिले होते की हे १८३० च्या दशकातले गुलामांचे घर आहे. न्यू ऑर्लिन्सच्या एका कृष्णवर्णीय वकिलाने चित्रफीत करून विचारले की छळ झालेल्या जागेचे चैनीचे विश्रामगृह कसे होते? ती चित्रफीत देशभर गेली. कंपनीने माफी मागितली आणि अशा जाहिराती काढून टाकू असे जाहीर केले.

यातली एक बाब बारकाईने पाहा. नंतर त्या जागेच्या नव्या मालकाकडून सांगण्यात आले की ते गुलामांचे घर नव्हतेच, एका डॉक्टरचा दवाखाना होता. समजा तसे असेल. मग 'गुलामांचे घर' ही पाटी कशासाठी लावली होती? कारण ती विकली जात होती. म्हणजे घर खरे असो वा खोटे, गुलामी हा माल होता. पूर्वी माणूस विकला, आता त्याच्या आठवणीची एक रात्र विकली.

यावर जतनवाद्यांचा एक युक्तिवाद असतो. तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, 'उपयोग नसलेले घर पडते. पर्यटनाचा पैसा आला तर निदान छप्पर राहते.' यात तथ्य आहे. लाकडी घराला वाळवी, पाऊस, वादळ यांच्यापासून वाचवायला पैसा लागतोच. पण छप्पर वाचवण्याच्या मोबदल्यात अर्थ विकून टाकायचा, अशी अट कोणी घातली?

जोसेफ मॅकगिल यांनी दुसरा मार्ग दाखवला आहे. २०१० पासून ते गुलामांच्या जुन्या घरांमध्ये रात्री मुक्काम करतात. सुरुवात चार्ल्सटनजवळच्या मॅग्नोलिया मळ्यावरच्या खोपटांपासून झाली आणि नंतर अनेक राज्यांत शंभराहून अधिक ठिकाणी ते झोपले. सोबत विद्यार्थी असतात, मळेवाल्यांचे वंशज असतात, गुलामांचे वंशज असतात. जमिनीवर अंथरूण आणि रात्री उशिरापर्यंत चर्चा. तेच घर, तीच रात्र. पण इथे झोपणाऱ्याला विसरायला मिळत नाही. घराचा उपयोग होतो, घरमालकांना ते टिकवण्याची गरज पटते, आणि अर्थ विकावा लागत नाही. तेव्हा 'एक तर पर्यटन, नाही तर पडझड' हा पर्याय खोटा आहे.

संग्रहालयावर दोन आक्षेप

वॉशिंग्टनच्या संग्रहालयावरही प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की घर त्याच्या मातीतून उपटले. एडिस्टोच्या चिखलवाटा, खाऱ्या पाण्याचा वास, शेजारची शेते यांच्याविना ते खोपट म्हणजे नुसत्या फळ्या. आक्षेप खरा आहे. पण त्या मातीत ते कोसळत होते. आणि वॉशिंग्टनची ती जागा साधी नाही. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, संसद, राष्ट्रीय स्मारके यांच्या रांगेत ते उभे आहे. मालकाच्या वाड्यामागे लपवलेले खोपट राष्ट्राच्या वाड्यासमोर आणले गेले.

ही जागाही कोणी दयेने दिली नाही. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या स्मारकाची हालचाल १९१५ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. १९२९ मध्ये कायदा झाला, पण सरकारने पैसा दिला नाही. नागरी हक्क लढ्यात डोके फुटलेले खासदार जॉन लुईस यांनी १९८८ पासून विधेयक पुन:पुन्हा मांडले. २००३ मध्ये कायदा झाला, २०१६ मध्ये दार उघडले. शंभर वर्षांच्या मागणीनंतर मिळालेली ही जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. संग्रहालय दुःख दाखवते आणि लोक डोळे पुसून बाहेर पडतात, जमिनीचे काय? इथे मात्र संग्रहालयाने एक योग्य गोष्ट केली. त्यांनी हे खोपट फक्त गुलामगिरीचा पुरावा म्हणून मांडले नाही, गुलामगिरी आणि स्वातंत्र्य या दोन्हींच्या सांध्यावर मांडले. कारण याच घरात माणूस गुलाम होता आणि याच घरात तो मुक्त झाला. तरीही हे पुरेसे नाही. ४० एकरांचा हुकूम आणि तो मोडणारा निर्णय यांच्याशिवाय त्या खोपटाची गोष्ट अर्धी राहते. स्मारक मिळाले म्हणून जमिनीचा दावा मिटला, असे कोणी म्हणू लागले तर ते स्मारक दाव्यावरचा दगड ठरेल.

आपला संबंध काय?

संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. एडिस्टोच्या जमिनी परत जाऊन तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षे झाली होती. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा मुक्तीच्या जाहीरनाम्याला ५० वर्षे झाली होती आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसवले जात होते. १९४६ साली बाबासाहेबांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली, आणि द्यु बॉइस यांनी उत्तर दिले.

पण बाबासाहेबांनी दोन्ही प्रश्न एकच आहेत असे कधी म्हटले नाही. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, हा फरक त्यांनी स्पष्ट मांडला. घरांतही तो दिसतो. गुलामाचे खोपट मालकाच्या नजरेसमोर होते. आपले घर गावकुसाबाहेर, नजरेआड होते. तिथे पहारा ठेवण्यासाठी जवळ घेतले, इथे विटाळ टाळण्यासाठी दूर ढकलले. पण दोन्हीकडे घर कुठे असावे हे घरात राहणाऱ्याने ठरवले नव्हते.

म्हणूनच जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला आणि १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ती पुन्हा मांडली. गॅरिसन फ्रेझियर १८६५ साली सव्हानात जे म्हणाले तेच इथे वेगळ्या भूमीत, वेगळ्या कारणांनी उगवले : जमीन द्या, आणि ज्यांच्या पूर्वग्रहाखाली आम्ही दबतो त्यांच्यापासून दूर राहण्याचा हक्क द्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह त्याच मागणीची पुढची पावले होती.

तेव्हा जुन्या घरांचा नवा उपयोग हा विषय आपल्यालाही उद्या भिडणार आहे, काही ठिकाणी आजच भिडतो आहे. महारवाड्यातली घरे पडत आहेत, चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. कोणी 'ग्रामीण जीवनाचा अनुभव' म्हणून मातीच्या घरात शहरी पाहुण्यांना झोपवील. कोणी बाबासाहेबांच्या स्मारकाचा एक चौथरा देऊन गायरानाचा अर्ज फाइलीत दडपील. अशा वेळी तीन प्रश्न विचारा. उपयोग ठरवताना तिथे राहिलेल्यांची माणसे होती का? गोष्ट पूर्ण सांगितली आहे का, की छळ गाळून गोजिरे घर दाखवले आहे? आणि या घराच्या बदल्यात कोणता जुना दावा गुपचूप मिटवला जात आहे?

या प्रश्नांची उत्तरे द्यायला पुरावा लागतो. बॅरो मळ्याचे दोन नकाशे मळेवाल्याच्या वंशजाने काढले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले. आपले नकाशे कोण काढणार? प्रत्येक गावातल्या चार तरुणांनी दोन रविवार द्यावेत. एक नकाशा आजोबांच्या काळातला : विहीर कुठे, चावडी कुठे, आपली घरे कोणत्या बाजूला, कोणाची जमीन, कोणते वतन, कोणते गायरान. दुसरा आजचा. घरातल्या ज्येष्ठांना विचारून प्रत्येक घरावर कुटुंबाचे नाव लिहा, सातबारा काढून प्रत्येक तुकड्यावर गट नंबर लिहा. दोन्ही नकाशे समाजमंदिरात शेजारी शेजारी लावा. काय हलले आणि काय अजून तिथेच आहे, ते मग भाषण न करताही सगळ्यांना दिसेल. जय भीम!